माझा अनुभव: बर्फावरचा तंबू आणि चार्जरचा हिरवा दिवा

गोठलेल्या तळ्यावर तंबू टाकायचा, बर्फाला भोक पाडायचं आणि गळाने मासे धरायचे, हा माझा नाद. तंबू निवडायला मला एक दुपार पुरली. भोक पाडायचं गिरमिट, घसरगाडी, बसायची घडीची खुर्ची, सगळं आठवडाभरात जमलं. दिव्यासाठी मात्र अख्खा हंगाम गेला, आणि त्यातला निम्मा एका कंपनीच्या तक्रार-फॉर्मने खाल्ला. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

सुरुवातीची चूक माझीच. दिवा घेताना मी फक्त ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, बघितले. जास्त ल्युमेन म्हणजे चांगला दिवा, एवढंच माझं शास्त्र. दोघांच्या तंबूला ३००-४०० ल्युमेन भरपूर होतात. त्याच्या वर गेलात की पांढराफटक उजेड भोकातल्या पाण्यावरून उलटा डोळ्यांत येतो आणि गळाची दोरीच दिसेनाशी होते. हे कळायच्या आत मी ५ मीटरची एलईडी पट्टी आणून छताभोवती मांडवासारखी फिरवली होती. पट्टीमागचा डिंक थंडीत धरत नाही. तासाभरात अर्धी पट्टी सुटून लोंबायला लागली आणि तिचं टोक नेमकं भोकात गेलं.

हिशेबही मी नंतर केला. पट्टी मीटरमागे ४.८ वॅट खाते, म्हणजे एकूण २४ वॅट, १२ व्होल्टवर २ अँपिअर. फिशफाइंडरची, म्हणजे पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची, लेड-ॲसिड बॅटरी ७ अँपिअर-तासांची. कागदावर साडेतीन तास होतात. पण पारा उणे १८ च्या आसपास गेला की लेड-ॲसिड बॅटरी जेमतेम निम्मी ताकद देते. त्यात फिशफाइंडरही तिच्यावरच. दीड तासात दोन्ही गेले.

म्हणून लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतली. वजनाला निम्मी, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत 'उणे २० ते ६० अंश'. पहिल्या फेरीला दिवा रात्रभर जळला. दुसऱ्या फेरीला वीस मिनिटांत अंधार. तिसऱ्या फेरीला पेटलाच नाही. बंद तंबूतला अंधार म्हणजे काय, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. पायाशी उघडं भोक, बाजूला पेटलेली शेगडी, हातात नुकताच लागलेला मासा आणि गळ कुठे रुतलाय याचा पत्ता नाही. डोक्यावरच्या टॉर्चमध्ये साधे अल्कलाइन सेल होते, तेही ढेपाळलेले.

घरी येऊन कंपनीचा फॉर्म उघडला. 'बिघाडाचा प्रकार' या रकान्यात तीनच पर्याय: चालत नाही, फुगली आहे, गळते आहे. माझी बॅटरी कधी चालते, कधी नाही. तसं लिहायला जागाच नाही. 'चालत नाही' निवडलं. अनुक्रमांकाचा फोटो मागितला, दिला. बिलाचा फोटो दिला, तर फाइल मोठी आहे म्हणून परत. लहान करून दिली, तर वाचता येत नाही म्हणून परत. नऊ दिवसांनी माणसाचं म्हणावं असं पहिलं उत्तर आलं: 'चार्जरवर हिरवा दिवा येतो का?'

'हो, येतो,' मी लिहिलं.

'मग आपली बॅटरी पूर्ण भरलेली आहे.'

पूर्ण भरलेली! मी तीन परिच्छेदांचं उत्तर लिहिलं, त्यातले दोन पाठवण्याआधी खोडले. आणखी आठवड्याने फर्मान आलं की बॅटरी २४ तास खोलीच्या तापमानाला ठेवा, मग चार्ज करा आणि दिवा लावून वेळ मोजा. केलं. दिवा तासन् तास जळला. मी इमानेइतबारे तसं कळवलं, आणि दुसऱ्याच दिवशी उत्तर हजर: 'बिघाड आढळला नाही. तक्रार बंद करण्यात येत आहे.' या एकाच कामात त्यांचा वेग वाखाणण्यासारखा होता. बंद झालेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही, नवा फॉर्म भरावा लागतो. तोही भरला. आणि बॅटरी पुन्हा शेडमध्ये, घसरगाडीशेजारी, चार्जरला लावून आलो.

कोडं सोडवलं मेहुण्याने, तेही माझी रडगाणी ऐकून कंटाळला म्हणून. 'भाऊजी, एवढं सगळं सांगितलंत, पण ही बॅटरी रात्री झोपते कुठे?'

शेडमध्ये. बिनातापवलेल्या. उणे बारात.

'मग ती चार्ज कशी होईल?'

गोम अशी आहे. लिथियम बॅटरी उणे २० पर्यंत वीज देऊ शकते, पण शून्याच्या खाली घेऊ शकत नाही. त्या थंडीत चार्ज केली तर लिथियम आतल्या ग्राफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्यावर धातूचा थर होऊन बसतं आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. म्हणून माझ्या बॅटरीतलं संरक्षक सर्किट गारठ्यात चार्जिंगच बंद करत होतं. वीज आत जाईना, आणि चार्जर बिचारा समजायचा की वीज घेत नाही म्हणजे पोट भरलं. लागला हिरवा दिवा! 'चार्जिंग ० ते ४५ अंश' हे माहितीपत्रकात होतं, मागच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. खोक्यावरचा ठळक आकडा फक्त वीज देण्याचा. तीन आठवड्यांच्या पत्रव्यवहारात 'चार्ज कुठे करता' एवढं एक वाक्य कुणाला विचारावंसं वाटलं नाही, आणि माझी परीक्षा त्यांनी घेतली ती खोलीच्या उबेत.

तेव्हापासून मी एक साधी खूण पाळतो. वापरून आणलेली बॅटरी लावल्यावर चार्जरचा दिवा आधी लाल व्हायला हवा. लावल्या लावल्या हिरवा झाला तर तो खोटा. बॅटरी घरात आणायची, काही तास आतून नीट उबू द्यायची, मग लावायची. आणि काही स्वस्त बॅटऱ्यांत हे संरक्षक सर्किट नसतंच. त्या गारठ्यातही गुपचूप चार्ज होतात आणि आतून खराब होतात. घेण्याआधी 'लो टेंपरेचर कटऑफ' आहे का, ते विचारा.

आता माझ्याकडे एकच छोटा, पिवळसर उजेडाचा, मंद करता येणारा दिवा आहे. चुंबकाचा घेऊ नका. या तंबूंचे दांडे बहुधा फायबरग्लासचे नाहीतर ॲल्युमिनियमचे, चुंबक कशाला धरणार? मी छताच्या मधल्या कड्याला कॅराबिनरने, म्हणजे गिर्यारोहकांच्या झाकणाच्या कडीने, अडकवतो. वायर सिलिकॉनच्या आवरणाची. साधी पीव्हीसीची थंडीत काठीसारखी ताठ होते आणि चिरते. बॅटरी फोमच्या डब्यात, बॅटरीजवळच फ्यूज. फिशफाइंडरला वेगळी बॅटरी, कारण दिवा मंद केला की त्या डिमरमुळे पडद्यावर नसलेले मासे नाचायचे. पहिल्यांदा तर मी त्या माशांसाठी अर्धा तास आमिष हलवत बसलो होतो.

डोक्यावरच्या टॉर्चमध्ये आता चार्ज न होणारे लिथियम सेल असतात. ते उणे ४० पर्यंत चालतात. महाग आहेत, पण मुख्य दिवा गेला की त्यांच्यावरच सगळी मदार.

गॅसचा कंदील घ्यावा का, असं मला दोघांनी विचारलं. ऊब मिळते खरी, पण बंद तंबूत जळणारी कुठलीही वस्तू कार्बन मोनॉक्साइड करू शकते, आणि त्याला ना वास ना रंग. माझ्याकडे शेगडी आहेच, म्हणून तंबूची हवेसाठीची वरची-खालची झडप उघडी आणि या वायूचा अलार्म लावलेला. गॅस जळताना वाफही होते. ती छताला गोठते आणि तंबू तापला की टपटप गळते, तेव्हा दिवा निदान पाण्याचे शिंतोडे सोसणारा, आयपीएक्स ४ चा तरी हवा.

हां, एक राहिलंच. आतला उजेड जाड काळ्या कापडातून बाहेर फारसा दिसत नाही. गोठलेल्या तळ्यावर रात्री स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या गाड्या, जोरात येतात, म्हणून तंबूच्या चारी बाजूंना चमकपट्ट्या लावा. घरीच लावा, उबेत. त्यांचाही डिंक थंडीत धरत नाही.