पावतीवरची माझी सही

मार्च २००१. दांडिया बाजारातल्या आमच्या छोट्या सहकारी बँकेचं शटर उघडायला मी पोचलो, तर बाहेर शंभरेक माणसं उभी. अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल बँकेची बातमी रात्रीतच वडोदऱ्यात पोचली होती.

तिथे केतन पारेख आणि इतर शेअर दलालांना भरमसाट कर्जं दिली होती, तीही धड तारण न घेता. बाजार कोसळला. मग माधवपुऱ्यानं पारेखसाठी लिहिलेल्या आणि मुंबईत बँक ऑफ इंडियानं वटवलेल्या १३७ कोटींच्या पे ऑर्डरी, म्हणजे बँकेनं स्वतःवरच काढलेले चेक, पैसे न मिळता परत आल्या. पे ऑर्डर आधी पैसे घेऊनच लिहायची असते. इथे पैसे नसतानाच लिहिली गेली! बँकेत बसणाऱ्या माणसाच्या हातून याहून मोठं पाप होतं असं मला तरी वाटत नाही.

जास्त व्याज मिळतं म्हणून गुजरातेतल्या कितीतरी सहकारी बँकांनी आपल्या ठेवी माधवपुऱ्यात ठेवल्या होत्या. आम्हीही. आणि आमचं घर तरी कुठे स्वच्छ होतं? एका संचालकाच्या भाच्यानं तारण ठेवलेल्या गाळ्याची कागदावरची किंमत दर नव्या कर्जाला वाढायची. ती फाईल माझ्याच टेबलावरून जायची. मी गाळा कधी पाहायला गेलो नाही, हे आजही मला सलतं.

अकराच्या सुमारास आमच्या वाड्यातल्या काकू काउंटरशी आल्या. काकांच्या फंडाचे एक लाख साठ हजार आमच्याकडे मुदत ठेवीत होते. बँक बुडाली तर ठेवींना विमा तेव्हा एक लाखापर्यंतच. पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत, चौघडी घातलेली, कडेला हळदीचा डाग.

"अरे, तूच म्हणाला होतास ना, पोस्टातून काढा, इथे दीड टक्का जास्त मिळेल?"

म्हणालो होतो. त्या वर्षी ठेवी आणायचं टार्गेट होतं मला. पावतीवर सहीही माझीच.

तिजोरीतली रोकड पाहून साहेबांनी माणशी हजार रुपयेच द्यायचं ठरवलं होतं. मी शंभराच्या दहा नोटा सरकवल्या. काकूंनी त्या दोनदा मोजल्या, पावती पुन्हा पिशवीत घातली आणि विचारलं, "बाकीच्यासाठी कधी येऊ?"

मी कॅलेंडरकडे पाहिलं. मागून कुणीतरी टोकन आपटत होतं. काकू हलल्या नाहीत.

"मी घरी येऊन सांगतो, काकू," एवढंच म्हणालो. पुढचे कितीतरी दिवस मी वाड्यात मागच्या दारानं जात होतो.