माळेगावचा भंडारा आणि साडेचारशे ग्रॅमचा कॅमेरा

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात मी माळेगावच्या यात्रेला गेलो होतो. खंडोबाची पालखी निघाली, "येळकोट येळकोट जय मल्हार"चा गजर झाला, आणि माझ्या कॅमेऱ्यावर नेमकी दूरची लेन्स लावलेली होती. पालखी अगदी अंगाशी येऊन ठेपली असताना मी गर्दीकडे पाठ करून घाईघाईने लेन्स बदलली. रात्री नांदेडला मुक्कामी फोटो मोठे करून पाहिले, तेव्हा आकाशाच्या भागात प्रत्येक फोटोत त्याच जागी बारीक डाग दिसले. उधळलेल्या भंडाऱ्याचे कण लेन्समागच्या सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चकतीवर, बसले होते. साफसफाईसाठी दिलेला कॅमेरा दुकानातून परत मिळायला तीन आठवडे लागले, आणि तेवढ्या काळात यात्रेतली फिरस्ती आणि फिरतीचा कॅमेरा यांविषयी मी पुन्हा मुळापासून विचार केला.

क्रॉप सेन्सर, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या 'फुल फ्रेम' सेन्सरपेक्षा लहान सेन्सर घेतला की कॅमेरा आपोआप हलका होतो, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. माझा जुना डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेराही क्रॉप सेन्सरचाच होता, तरी १८-१४० मिलिमीटरच्या झूम लेन्ससह तो किराणा दुकानाच्या काट्यावर सव्वा किलोच्या वर भरला. वजन वाढते ते आतल्या आरशामुळे आणि त्यावरच्या प्रिझममुळे. आरशाला वर उचलण्यासाठी जागा लागते, म्हणून लेन्स सेन्सरपासून साधारण ४५ मिलिमीटर दूर ठेवावी लागते, आणि एवढ्या अंतरावरून रुंद दृश्य सेन्सरवर उतरवायचे तर लेन्समध्ये जास्त काचा घालाव्या लागतात. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, हे अंतर बरेच कमी होते. फुजीफिल्मच्या एक्स माउंटमध्ये, म्हणजे लेन्स बसवायच्या कडीत, ते १७.७ मिलिमीटर आहे. त्यामुळे बॉडी बारीक होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे रुंद कोनाची लेन्सही लहान करता येते.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की, बॉडीचे वजन एकटे पाहू नये. जी लेन्स तुम्ही दिवसभर लावून ठेवणार आहात, तिच्यासकट वजन पाहावे. सोनीचा ए६४०० बॅटरी आणि कार्डासह ४०३ ग्रॅमचा आहे, कॅननचा आर५० साधारण ३७५ ग्रॅमचा आहे, पण त्यावर जाडजूड झूम चढवली की बॉडीत वाचवलेले सगळे वजन परत येते. मी फुजीफिल्मचा एक्स-टी३० टू घेतला. तो ३७८ ग्रॅमचा आहे आणि त्यावरची २७ मिलिमीटर एफ/२.८ लेन्स (मिलिमीटर जितके कमी तितका कोन रुंद, एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) ८४ ग्रॅमची, म्हणजे दोन्ही मिळून ४६२ ग्रॅम होतात. क्रॉपमुळे दीडपट धरली तर ही लेन्स फुल फ्रेमच्या सुमारे ४० मिलिमीटरइतके दृश्य दाखवते. बाजारात दोन पावले मागे सरकायला जागा नसते, हे मला ठाऊक आहे, आणि छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीच्या गर्दीत कधीकधी २३ मिलिमीटरची, म्हणजे ३५च्या तोडीची लेन्स हवी होती असे वाटते. तरीही माणसाचा चेहरा आणि त्याच्यामागचे दुकान एकाच चौकटीत नीट बसवणारा कोन मला ४०चाच वाटतो.

रिको जीआर थ्री मी मित्राकडून आठवडाभर मागून वापरला. तो २५७ ग्रॅमचा आहे, सदऱ्याच्या खिशात मावतो, आणि लेन्स काढता येत नसल्यामुळे माळेगावसारखा प्रसंग त्याच्यावर ओढवत नाही. त्याची लेन्स १८.३ मिलिमीटरची, म्हणजे रुंद कोनाची आहे. एफ/८ ठेवून फोकस दोन मीटरवर बांधून टाकला की साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते, आणि फोटो घेताना फोकसची वाट पाहावी लागत नाही. मात्र त्याला डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नाही. मराठवाड्याच्या एप्रिलच्या उन्हात मागच्या स्क्रीनवर नेमके काय दिसते आहे, हे मला कळेना, म्हणून तो मी घेतला नाही. मुंबईच्या पावसाळी गल्ल्यांत फिरणाऱ्याला कदाचित तोच योग्य ठरेल.

माझ्या निवडीतही उणिवा आहेत, आणि त्या मी जाणूनबुजून स्वीकारल्या आहेत. बॉडीला धूळ-पाण्यापासून संरक्षण नाही, त्यामुळे यात्रेत लेन्स काढायची नाही हा नियम मी कसोशीने पाळतो. हाताच्या कंपाची भरपाई करणारी सेन्सरची यंत्रणाही नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, आणि पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर अंधुक उजेडात एफ/२.८ उघडून आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता, ३२०० वर नेला तरी शटर इतके मंद होते की श्वास रोखून धरावा लागतो. ज्यांचे निम्मे फोटो लेण्यांतले असतील, त्यांनी फुजीफिल्मच्याच एक्स-टी५०चा विचार करावा. त्यात ही यंत्रणा आहे आणि वजन ४३८ ग्रॅम आहे. मी रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढतो, त्यामुळे माझे काम आहे त्यात भागते. बॅटरी लवकर उतरते, पण एसटीत पॉवर बँकेवरून यूएसबीने ती चार्ज होते.

मोठा कॅमेरा गळ्यात असताना संभाजीनगरातल्या शहागंजच्या भाजीवाल्या मावशी पदर सावरून ताठ बसायच्या आणि "पेपरवाले का?" असे विचारायच्या. यंदा पैठणच्या नाथषष्ठीला हा लहान कॅमेरा घेऊन गोदाकाठी उभा होतो. स्क्रीन वर वळवून तो पोटाशी धरला होता. नुकतीच आंघोळ करून पायरीवर बसलेल्या एका वारकरी आजोबांना मी नजरेनेच विचारले, त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा ओल्या उपरण्याची घडी घालू लागले. चार फोटो घेईपर्यंत त्यांचे हात थांबले नाहीत. मग घडी खांद्यावर टाकून ते उठले आणि जवळ येत म्हणाले, "निघाला का रं फोटू? दाव की मला." कॅमेरा त्यांच्या हातात दिला, तेव्हा त्यांनी तो तळहातावर जोखल्यासारखा धरला आणि बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.