रफार आणि वेलांटी

आज लातूरला गंजगोलाईजवळ एका फ्लेक्सच्या दुकानात थांबलो होतो. तिथलं पोरगं कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर वाढदिवसाचा बॅनर करत होतं. गिऱ्हाईकाचं एकच, "भाऊचा फोटो मोठा कर." पोरानं तो केला, पण 'हार्दिक'मधला रफार वेलांटीवर चढत होता, तोही नोड (अक्षराच्या कडेवरचा बिंदू) धरून हळूच बाजूला घेतला. कुणी सांगितलं नव्हतं! अशी नजर असलेली पोरं 'पुण्याला गेल्याशिवाय काही खरं नाही' म्हणत बसतात, याचं लई वाईट वाटतं. मुक्ता, बलू असे चांगले देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात. त्याला म्हटलं, आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवून बिहान्सवर, म्हणजे डिझाइनवाले आपलं काम दाखवतात त्या वेबसाइटवर, टाक, का बदललं तेही दोन ओळींत लिही. मोठं काम देणारा तुझा विचार बघतो. त्यानं तिथंच खातं उघडलं.