पोकळ टायटेनिया: भट्टीपासून सोड्याच्या पाण्यापर्यंत

सोलापुरात चादरी-टॉवेलच्या रंगाईचं पाणी हाताशीच असतं, म्हणून त्यातला रंग उजेडाच्या जोरावर तोडणारे, नायट्रोजन डोप केलेले (म्हणजे किंचित नायट्रोजन मिसळलेले) टायटॅनियम डायऑक्साइडचे, म्हणजेच टायटेनियाचे, सूक्ष्म पोकळ गोळे करायला घेतले. साध्या अ‍ॅनाटेजला (टायटेनियाच्या या स्फटिकरूपाला) 387 नॅनोमीटरपेक्षा छोट्या लहरी लागतात; उन्हात त्या थोड्याच. नायट्रोजनमुळे दृश्य प्रकाशही चालावा, हा हेतू.

साचा कार्बनचा; तो नंतर भट्टीत जळून जातो आणि गोळा पोकळ उरतो. 70 मिलि पाण्यात 10 ग्रॅम ग्लुकोज, 100 मिलिच्या टेफ्लॉन-अस्तराच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात), 180 अंशांवर 6 तास. काठोकाठ भरू नका. गाळ कॉफीच्या रंगाचा येतो. पाण्याने, मग अल्कोहोलने तो वरचं पाणी नितळ होईपर्यंत धुतला.

1 ग्रॅम कोरडा कार्बन 50 मिलि निर्जल इथेनॉलमध्ये सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी विखरून) त्यात टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड 1 मिलि, थेंबथेंब; टायटेनियाचा थर यातूनच बनतो. भांडं ओलं असेल तर पांढऱ्या गुठळ्या वेगळ्याच बसतात, गोळ्यांवर थर चढत नाही. एप्रिलची कोरडी हवा इथे उपकारकच. पावसाळ्यात बाटली उघडी ठेवायची सोय नाही.

खरी परीक्षा भट्टीत. 500 अंशांपर्यंत मिनिटाला 1 अंश, मग 3 तास, झाकण न लावता. आम्ही आधी 10 अंशांनी चढवलं. कार्बन एकदम पेटला, कवचं फुटली. सूक्ष्मदर्शकाखाली नुसत्या ठिकऱ्या.

डोपिंग त्यानंतर: पूड दुप्पट वजनाच्या युरियाच्या द्रावणात भिजवून वाळवायची, झाकलेल्या क्रूसिबलमध्ये (उष्णता सोसणाऱ्या छोट्या भांड्यात) 400 अंशांवर 1 तास, फ्यूम हूडखाली. खलात घोटू नका, कवच चुरतं. पूड फिकट पिवळी होते. पण पिवळेपणावर विसंबू नका. युरियापासून पृष्ठभागावर उरलेली संयुगंही पिवळीच असतात.

चाचणीसाठी घेतलेल्या मिथिलीन ब्लू या निळ्या रंगानेही फसवलं. तो रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो आणि उत्प्रेरकाला इलेक्ट्रॉन देऊन विटतो. म्हणून बिनरंगी फिनॉलवरही चाचणी घेतली. दिव्यापुढे 400 नॅनोमीटरखालचं अडवणारा फिल्टर, आधी 30 मिनिटं अंधारात ढवळणं (पुडीला नुसतं चिकटणारं किती ते कळावं म्हणून), आणि मोजण्याआधी नमुना सेंट्रिफ्यूज. गढूळ राहिला तर आकडा खोटा.

डिस्टिल्ड पाण्यात चाललेली पूड रंगाईच्या पाण्यात मात्र मंदावली. रिअ‍ॅक्टिव्ह रंगासोबत धुण्याचा सोडा येतो, बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट. दोघेही हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे रंग तोडणारे अतिक्रियाशील कण, गिळतात. पीएच 4 पर्यंत आम्ल घालून हवा सोडली की दोन्ही कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. मात्र आम्लात हे ऋणभारी रंग पुडीला चिकटतातही, त्यामुळे अंधारातली मोजणी याच पीएचला पुन्हा करावी लागते.