तुम्ही विचारलंत म्हणून: ही साहेबाची चिनी माती कशाला?

पुण्याला आले की कुणीतरी विचारतंच, इथे लंडनमध्येही विचारतात: चिनी मातीची भांडी दुरुस्त करायला शिकलात, तर चिनी बादशहांसाठीची भांडी सोडून युरोपच्या गिऱ्हाइकांसाठी काढलेल्या घाऊक मालात का अडकलात?

घाऊक तर घाऊक. पण दोन्हींचं गाव एकच, चीनमधलं जिंगदेझेन. १३०० अंशांच्या आसपास भाजलेल्या पांढऱ्या ताटल्या तिथून नदीने, मग मेइलिंगच्या डोंगरघाटात हमालांच्या खांद्यांवरून दक्षिणेच्या कँटन बंदराला यायच्या. १८१५ च्या 'जिंगदेझेन ताओलू' या तिथल्याच ग्रंथात परदेशी मालाविषयी लिहिलंय, की आकार चमत्कारिक आणि नमुना दरसाल वेगळा. सॅक्सनी या जर्मन संस्थानाच्या ऑगस्टसने १७१७ मध्ये प्रशियाच्या राजाला ६०० सैनिक देऊन १५१ चिनी भांडी घेतली. हा वेडेपणाचा पुरावा झाला, गुणांचा नव्हे, हे मलाही कळतं.

मला ओढ आहे ती कुलचिन्हांच्या ताटल्यांची. इंग्रज घराण्याच्या चिन्हाचं चित्र असलेला कागद जहाजातून कँटनला जायचा आणि कधीही इंग्लंड न पाहिलेला चितारी तो पांढऱ्या ताटलीवर उतरवायचा.

एक गृहस्थ अशी ताटली घेऊन आले. अठराव्या शतकाच्या मध्यातली, त्यांच्याच घराण्याच्या संचातली. टवका उडाला होता तो नेमका सिंहाच्या आयाळीपाशी. सिंह मात्र चिनी देवळाच्या दारातला: वाटोळे डोळे, कुरळी आयाळ, हसरा. चिताऱ्याने कागद पाहिला असेल आणि हाताला सवयीचा सिंह काढला असेल. "टवका भरताच आहात, तर तोंडही जरा नीट करा," गृहस्थ म्हणाले. शिंप्याला बाही आखूड करायला सांगावी तसं, अगदी सहज.

मी नाही म्हटलं.

"तुमचा रंग पुसता येतो ना?"

येतो. आमचा रंग भट्टीत जात नाही, ॲसिटोनच्या बोळ्याने निघतो. हे मीच त्यांना नुकतं ऐटीत सांगितलं होतं. मग मूळ हात, इतिहास, पुरावा असं बरंच काही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सिंह आमचा, पैसे आमच्या पूर्वजांनी मोजले, आणि त्यांनी हा सिंह मागितला नव्हता. तुम्ही तर ना चिनी ना इंग्रज. तुमचं काय जातंय?"

मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी ताटली गुंडाळून नेली. पुढे एका लिलावाआधीच्या प्रदर्शनात ती पुन्हा दिसली (आमचा सिंह म्हणणाऱ्यांनी तो विकायला काढला होता). टवका भरलेला, सिंह गुरगुरणारा, पक्का ब्रिटिश. काम इतकं सफाईदार होतं, की शिव्या घालायलाही जागा नव्हती. घरी येऊन मी जेवले नाही. एवढं लागण्यासारखं त्यात काय होतं, हे नवऱ्याला अजूनही समजलेलं नाही.

तेव्हा मी तावातावाने सांगायचे, की त्या चिताऱ्याचा अपमान झाला. आता स्वतःलाच विचारते, कुठला अपमान? त्याला पैसे हुबेहूब नकलेचे मिळत होते. वर चार नाणी ठेवून कुणी ब्रिटिश सिंहाचं नीट चित्र दिलं असतं, तर त्याने तो आनंदाने काढला असता. जी चूक त्याने स्वतः राखली नसती, ती मी राखत बसले आहे.

तरी एवढ्याने माझं समाधान होत नाही. दांत्रकोल नावाच्या फ्रेंच पाद्र्याने जिंगदेझेनबद्दल १७१२ च्या पत्रात लिहिलंय, की एक भांडं तयार होईपर्यंत ७० जणांच्या हातांतून जातं. त्यातल्या एकाचंही नाव ताटलीवर नाही. घराण्याचं चिन्ह मात्र ठसठशीत. तो हसरा सिंह पुसला, की त्या हातांतलं दिसण्याजोगं काय उरतं? मग वाटतं, दुसऱ्याच्या कष्टांवर मी उगाच मोठेपणा मिरवते आहे. बादशाही भांडी घेतली असती तर हा प्रश्नच आला नसता, हे मान्य. पण ती दुरुस्त करताना मला कंटाळा येतो, हेही तितकंच खरं.

सध्या नियम असा: आहे त्या चेहऱ्याला हात लावायचा नाही. चेहराच उडाला असेल, तर त्याच संचातली दुसरी ताटली मागवते. त्यातही गंमत आहे. चितारी अनेक असायचे, त्यामुळे दुसऱ्या ताटलीवरचा सिंह कधी पहिल्याशी जुळत नाही, आणि मालकाला नेमका त्यातला जास्त इंग्रजी दिसणारा हवा असतो.