गोगलगाईचा चिकटपणा

गोगलगाय दिसली की लोक मीठ शोधतात, मी काच शोधते. तिला काचेवर चढवायचं, टॉर्च लावायचा आणि दुसऱ्या बाजूनं तिचा पाय बघत बसायचं. घरचे ‘शी’ म्हणतात; म्हणोत बापडे.

पाय म्हणजे सगळा तळवाच. त्यावर शेपटीकडून डोक्याकडे काळसर आडवे पट्टे एकामागून एक सरकत जातात. पट्ट्यांची भलती घाई, बाईसाहेब मात्र निवांत.

खरी करामत आहे ती खालच्या चिकट स्रावाची. बहुतेक सगळं पाणीच, त्यात जेमतेम प्रथिनं आणि शर्करा. पट्टा जिथे पोचतो तिथला पाय स्नायू पुढे ओढतात, त्या ताणानं तिथला स्राव पातळ होऊन वाहतो. पट्टा पुढे सरकला की लगेच पुन्हा घट्ट. टूथपेस्ट दाबली की येते आणि ब्रशवर मात्र गप्प बसते, तसंच हे. त्यामुळे पायाचा थोडा भाग सरकत असतो तेव्हा उरलेला पक्का धरून असतो. उलटी चालली तरी पडत नाही ती याच जोरावर. जीवशास्त्रज्ञ मार्क डेनी यांनी 1980 मध्ये बनाना स्लग या बिनशंखाच्या गोगलगाईवर हे मोजून दाखवलं.

ही चाल किती महाग पडते, तेही त्यांनीच दाखवलं. धावणं, पोहणं, उडणं या सगळ्यांपेक्षा असं सरपटायला जास्त ऊर्जा लागते, आणि तिचा मोठा वाटा नुसता स्राव तयार करण्यात जातो. मग काटकसर आलीच. समुद्रकाठच्या पेरिविंकल गोगलगाई आधीच कुणीतरी सोडलेल्या ओघळावरून जातात. तिथे नवा स्राव कमी गाळावा लागतो. पण मागे राहिलेली वाट वैऱ्यालाही सापडते. रोझी वुल्फस्नेल ही शिकारी गोगलगाय असा माग काढत येते आणि इतर गोगलगाईंना खाते.

कोरड्या दिवसांत हाच स्राव शंखाच्या तोंडाशी वाळून पडदा होतो, आतला ओलावा आतच राहतो. 1846 मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तची एक वाळवंटी गोगलगाय मेलेली समजून पुठ्ठ्यावर चिकटवून टाकली होती. 1850 मध्ये कुणाला तरी शंका आली, तिला कोमट पाण्यात सोडलं, तर ती चक्क चालायला लागली! पुढे आणखी दोनेक वर्षं जगली म्हणे, कोबीची पानं खात.