गेटवरचा गार्ड

गर्दचं व्यसन सोडवायला देतात ती ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली विरघळावी लागते. गिळली तर जवळजवळ वाया. म्हणून मी ती जाडसर कुटून रुग्णाच्या जिभेखाली ठेवते. मग त्याने पाच-दहा मिनिटं तोंड मिटून बसायचं. बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, लाळसुद्धा गिळायची नाही. शेवटी जीभ वर करायला लावून गालांच्या आत टॉर्च मारून बघायचं. तुरुंगात हे एकट्या नर्सला जमत नाही. भुकटी गालात दाबून बराकीत नेऊ पाहणारा कोण, ते ओळखणारा गार्ड शेजारी लागतो. तोच गार्ड ‘एक नशा सोडवायला दुसरी नशा देतात’ असं मानणारा असेल, तर दहा मिनिटांची दोन होतात आणि उपचार फक्त रजिस्टरात उरतो.

मी गोव्यात व्यसनमुक्तीचं काम करते आणि औषधाची पेटी घेऊन रोज तुरुंगात जाते. त्या दिवशी पेटीबरोबर प्रोजेक्टरही होता, कारण गार्डांचं प्रशिक्षण होतं. मंजुरी मिळवायला फार वेळ गेला. व्यसनमुक्तीचा पैसा केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याकडून येतो, ब्युप्रेनॉर्फिनचा कार्यक्रम एड्स नियंत्रणाखाली म्हणजे आरोग्याकडे, आणि तुरुंग राज्याच्या गृहखात्याचा. औषधाला पैसे आहेत, पोस्टर-बॅनरला आहेत. पण गार्ड वर्गात बसला की त्याच्या जागी ड्युटीवर कोण उभा राहणार आणि त्याचा खर्च कोणी करायचा, याला कुठल्याच खात्यात रकाना नाही. एका कार्यालयातून उत्तर आलं, की हे दुसऱ्या कार्यालयाला विचारा. शेवटी रात्रपाळी संपवून आलेले लोक समोर बसले. त्यांच्या डोळ्यांत झोप होती आणि मला त्यांचा राग करता येईना.

एकजण लगेच म्हणाला, “सिस्टर, हे गर्दुल्ले नाटक करतात.” मी त्याला विचारलं, नवीन आलेला कच्चा कैदी पहिल्या रात्री कसा दिसतो ते सांगा. तो सांगत गेला: सारखा जांभया देतो, नाक-डोळे गळतात, पोट धरून लोळतो, ओकतो, जुलाब होतात. मी म्हटलं, आता त्याच्या हातावर बघा, काटा आलेला असतो. डोळ्यांत बघा, बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात. काटा आणि बाहुली ठरवून आणता येत नाही. शेवटचं गर्द घेतल्यावर साधारण आठ ते बारा तासांत हे सुरू होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातं. नेमका हाच काळ अटक आणि न्यायालयीन कोठडीचा. अशा माणसाला काठी दाखवून उपयोग नाही, डॉक्टर दाखवा. निदान पाणी तरी पोटात राहतंय ना बघा, कारण जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडून माणूस जाऊ शकतो.

मग उलट बाजू. गर्द झेपण्यापेक्षा जास्त घेतलं, म्हणजे अतिमात्रा झाली, की बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, श्वास मंदावतो, ओठ निळे पडतात. मोठ्याने हाक मारा, छातीचं हाड चोळा, डॉक्टरला बोलवा, तो नॅलॉक्सोन हा उतारा टोचेपर्यंत तोंडाने श्वास देत राहा. झोपलाय, झोपू दे, असं करू नका. हे मी दोनदा सांगितलं.

त्यानंतर मी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा 2007 साली छापून आलेला अभ्यास सांगितला. तुरुंगातून सुटल्यावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा धोका बाहेरच्या सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत 129 पट निघाला होता. आत राहून शरीराची सवय मोडते, माणूस मात्र जुनाच डोस घेतो. ऱ्होड आयलंडचंही सांगितलं, कारण त्या राज्याची लोकसंख्या आपल्या गोव्यापेक्षा कमी आहे. त्यांनी 2016 मध्ये तुरुंगातल्या औषधोपचारासाठी अंदाजपत्रकात वेगळे 20 लाख डॉलर ठेवले आणि सुटल्यावरही उपचाराची केंद्रं जोडून दिली. नुकत्याच सुटलेल्यांचे अतिमात्रेचे मृत्यू 2016 च्या पहिल्या सहा महिन्यांत 26 होते, पुढच्या वर्षी त्याच काळात 9. मागे बसलेला पेडण्याचा एक गार्ड वहीत लिहून घेत होता. माझ्या औषधाच्या रांगेत बहुतेक वेळा तोच असायचा.

संध्याकाळी मी म्हापशाला पोचते न पोचते तोच तुरुंगातून त्याच गार्डचा फोन. “सिस्टर, तुमचो मनीस सुटलो.”

सत्तरी तालुक्यातला मुलगा, जामीन मिळालेला. त्याने काही आठवड्यांपूर्वी गोळी बंद केली होती. बराकीतले चिडवायचे आणि त्यालाही वाटत होतं की आता आपण बरे झालो. मी समजावलं होतं, डॉक्टरांनीही. औषध सक्तीने देता येत नाही. म्हणजे अंगात ना गर्द होतं ना ब्युप्रेनॉर्फिन. सवय पूर्ण उतरलेली. प्रशिक्षणात मी सांगितलेला धोक्यातला माणूस तो हाच.

ऑर्डर आली की थांबवून ठेवायचा कुणालाच अधिकार नाही. गार्डने त्याला कागदांवर सह्या होईपर्यंत बाकावर बसवलं होतं. बाहेर न्यायला घरचं कोणी नव्हतं, बाईक घेऊन एक मित्र उभा होता. मी मुलाशी बोलले. “उद्या सकाळी केंद्रावर ये. घेऊ नकोस. पण घेतलंसच तर पूर्वीइतकं घेऊ नकोस, आणि एकटा असताना घेऊ नकोस.” हेच मग मित्रालाही फोनवर सांगितलं, श्वास कसा बघायचा तेही.

फोन परत घेतल्यावर गार्ड थोडा थांबून म्हणाला, “सिस्टर, तुम्ही त्याला घ्यायला सांगितलंत?” त्याचा प्रश्न खरा होता. मी त्याला म्हटलं, तो जिवंत राहिला तरच मला त्याला सोडायला सांगता येईल.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला नाही. काही दिवसांनी आला, नाक गळत, काटा आलेला. घेतलं होतं. मित्राने निम्म्याहून कमी दिलं, म्हणाला. हे खरं की मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, कळायला मार्ग नाही. डॉक्टरांनी तपासून पुन्हा गोळी सुरू केली. सध्या येतोय, मधे खाडे होतात.

मला छळतं ते वेगळंच. त्याची सुटका दुसऱ्या कुणाच्या ड्युटीत झाली असती तर तो फोन आला नसता. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा तुरुंगातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षण द्यायला सरकारला बांधून घालतो, आणि व्यसनाशी जोडलेले मानसिक विकारही त्याच कायद्यात येतात. पण संध्याकाळी गेटवर वैद्यकीय अधिकारी नसतो, गार्ड असतो. सुटकेच्या कागदांत पुढच्या डोसची चिठ्ठी नसते. तिहारमध्ये 2008 पासून ब्युप्रेनॉर्फिन दिलं जातं, तेव्हा तुरुंगात हे जमत नाही असं कोणी मला सांगू नये.

पेडण्याच्या त्या गार्डची आता बदली झाली आहे. नव्या गार्डांसाठी मी पुन्हा पत्र दिलंय. या वेळी त्यात गार्डांच्या जागी ड्युटीवर उभं राहणाऱ्यांचा खर्च वेगळा मांडला आहे आणि सुटकेच्या फॉर्मवर एक ओळ वाढवायची मागणी आहे: रुग्ण असल्यास केंद्राला कळवलं का, हो की नाही, सही.